गोळेश्वरचे खाशाबा

दर चार वर्षांनी ऑलिम्पिक येतं आणि दर चार वर्षांनी आपल्या होस्टेलवर एकच चर्चा रंगते. एवढा मोठा देश, एवढी माणसं, मग पदकं इतकी कमी का? कोणी सरकारला दोष देतं, कोणी क्रिकेटला, कोणी मेसच्या जेवणाला. रात्री दोनपर्यंत घसे कोरडे होतात, सकाळच्या लेक्चरला निम्मा वर्ग पेंगत असतो आणि विषय पुढच्या ऑलिम्पिकपर्यंत गुंडाळून ठेवला जातो.

या चर्चेत एक प्रश्न कोणीतरी हमखास टाकतं, कारण तो अ‍ॅप्टिट्यूड टेस्टच्या पुस्तकात असतो. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं? उत्तर सगळ्यांना पाठ असतं. खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२, कुस्ती, कांस्य. एक मार्क मिळाला, पुढचा प्रश्न. पण मित्रांनो, त्या एका ओळीच्या उत्तरामागे एक कॉलेजचा विद्यार्थी आहे, एक प्राचार्य आहेत, एक गहाण पडलेलं घर आहे आणि न मिळालेली अर्ध्या तासाची विश्रांती आहे. हे सगळं गाइडमध्ये येत नाही, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी नाट्याचा. राजापूर तालुक्यातलं, यशवंतगडाच्या पायथ्याचं, खाडी आणि समुद्र दोन्हींची सोबत असलेलं आमचं गाव. आम्हां कोकणातल्या पोरांचा जीव कबड्डीत आणि टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये. कुस्ती ही आमच्या लेखी घाटावरची गोष्ट. राजापूरहून अणुस्कुरा घाट चढलं, मलकापूर मागे टाकलं, की कोल्हापूर येतं आणि तिथून पुढे पैलवानांचं राज्य सुरू होतं. जोर, बैठका, हौदा, वस्ताद, शड्डू हे शब्द आम्हाला तसे परकेच. त्यामुळे पैलवान म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर येतो तो भरभक्कम, मानेचा पत्ता नसलेला, चार माणसांचं दूध एकटा पिणारा गडी. खाशाबांचा फोटो पहिल्यांदा पाहिला की म्हणूनच गंमत वाटते. हा तर आपल्यासारखाच दिसतो! लहान चणीचा, सडपातळ. कुस्तीच्या जगात त्यांना पुढे पॉकेट डायनॅमो म्हणत. डायनॅमो हा शब्द आपल्या इलेक्ट्रिकलच्या मित्रांना वेगळा समजावून सांगायला नको. आकारमान कमी, आउटपुट भरपूर.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, गाव गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. कराड म्हणजे कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम. गोळेश्वर तिथून अगदी जवळ. घर शेतकऱ्याचं, वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान, पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. अशा घरात पोराला तालमीत घालायचं की नाही असा प्रश्नच नसतो. चालायला लागलं की ते मातीत जातं. आठ वर्षांचे असताना खाशाबांनी परिसरातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत पाडलं, असं त्यांच्या चरित्राबद्दल नेहमी सांगितलं जातं.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झालं, १९४० ते १९४७. ही वर्षं नीट बघा. १९४२ ला चले जाव आंदोलन पेटलं आणि त्याची सर्वांत मोठी धग ज्या जिल्ह्यांना लागली त्यात सातारा पुढे होता. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मातीतलं. शाळकरी खाशाबाही त्यात होते. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, त्यांचे निरोप आणि पत्रकं इकडून तिकडे पोचवणं अशी कामं त्यांनी केली. पुढे १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा या एकवीस वर्षांच्या तरुणानं मनाशी ठरवलं, की ऑलिम्पिकमध्ये आपल्या देशाचा झेंडा फडकवायचा. आज आपण असले संकल्प एकतीस डिसेंबरच्या रात्री करतो आणि दोन जानेवारीला विसरतो. यांनी पाच वर्षांत पुरा केला.

मॅट्रिकनंतर खाशाबा कोल्हापूरला आले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले. राजाराम कॉलेज १८८० पासूनचं, दक्षिण महाराष्ट्रातलं मानाचं. आणि कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचं कुस्तीवेडं शहर. महाराजांनी देशभरातल्या मल्लांना आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या आणि १९१२ मध्ये खासबागचं मैदान बांधून घेतलं. खासबागची रचना सिव्हिलच्या मुलांनी एकदा जाऊन पाहावीच. मधला आखाडा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक अशी, की शेवटच्या माणसालाही पाठ टेकली की नाही ते दिसतं.

कोल्हापूरचं आणि ऑलिम्पिकचं नातंही जुनं आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानं आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या साथीनं भारताचा जो लहानसा संघ गेला, त्यात रणधीर शिंदे हे मल्ल होते. ते चौथे आले. पदक थोडक्यात हुकलं. त्यानंतर तीन दशकं त्या चौथ्या क्रमांकाच्या पुढे कोणी गेलं नाही.

कॉलेजात असताना खाशाबांना बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचं मार्गदर्शन मिळालं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरायची आणि त्याला अंगावरून फिरवून खाली टाकायचं. आपल्या मेकॅनिक्सच्या भाषेत बोलायचं तर समोरच्याचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी त्याच्या पायांच्या बाहेर काढायचा, बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. त्यासाठी प्रचंड ताकद असून भागत नाही. ती कोणत्या क्षणाला लावायची हे कळावं लागतं, आणि तो क्षण यायच्या आत पाय हलावे लागतात. खाशाबांचे पाय विजेसारखे हलत. कॉलेजच्या आणि आंतरमहाविद्यालयीन कुस्त्या जिंकत जिंकत ते राष्ट्रीय पातळीवर पोचले आणि १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. खर्चाची बाजू कोल्हापूरच्या महाराजांनी उचलली.

लंडनला जाऊन पहिला धक्का बसला तो मॅटचा. आपल्याकडची कुस्ती लाल मातीतली. ती माती नुसती माती नसते. त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती कसलेली असते, मऊ असते, पाय रुततो, पडलं तरी लागत नाही. कुस्ती चितपट झाली की संपली, नाही झाली तर चालू. तिकडे मात्र कॅनव्हासची मॅट, पायात बूट, घड्याळाला बांधलेली वेळ, तीन पंच आणि प्रत्येक हालचालीला गुण. घर्षणाचा गुणांक बदलला की सगळं गणित बदलतं हे आपण लॅबमध्ये शिकतो. खाशाबा ते थेट ऑलिम्पिकमध्ये शिकले. मातीत रुतवून रोवलेला पाय मॅटवर सरकतो, आणि जी पकड मातीत धरून ठेवता येते ती मॅटवर क्षणात सुटते.

तिथे रीस गार्डनर नावाच्या प्रशिक्षकानं त्यांना मॅटचे आणि आंतरराष्ट्रीय नियमांचे धडे दिले. दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरीही फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच गारद केलं, अमेरिकेच्या बिली जेर्निगनलाही हरवलं. पुढे इराणच्या मन्सूर रईसीनं त्यांना रोखलं. एकूण क्रमांक सहावा. मॅटवर नुकताच पाय ठेवलेल्या बावीस वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्याचा जगात सहावा नंबर! आपण असतो तर आयुष्यभर बायोडेटात पहिल्या ओळीत लिहिला असता. खाशाबा परत आले ते पुढच्या चार वर्षांचा विचार करतच. सरावाचे तास वाढवले, वजन एका गटानं वर नेलं आणि हेलसिंकीची तयारी सुरू केली.

इथून पुढची गोष्ट कुस्तीपेक्षा माणसांची जास्त आहे.

पहिली अडचण निवडीची. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना विजेत्यापेक्षा एक गुण कमी दिला गेला आणि ऑलिम्पिकचा रस्ता बंद झाला. हा गुण मुद्दाम, वशिल्यापोटी कापला गेला अशी खाशाबांची तक्रार होती. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांनी काय केलं असतं? कॅन्टीनमध्ये बसून दोन दिवस शिव्या घातल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी नशीब म्हणून सोडून दिलं असतं. खाशाबांनी दाद मागितली, आणि तीही थेट पतियाळाच्या महाराजांकडे. महाराज यादविंद्रसिंग त्या वेळी भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि स्वतः खेळाडू होते. त्यांना मुद्दा पटला. पुन्हा चाचणी घेण्यात आली आणि या वेळी खाशाबांनी गुणांचा प्रश्नच ठेवला नाही, प्रतिस्पर्ध्याला चितच केलं. ज्या निकालात पंचाच्या मताला जागा असते तिथे अन्याय शिरू शकतो. दोन्ही खांदे टेकले की मग पंचालाही वाद घालता येत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी, पैशांची. १९४८ ला पाठीशी संस्थान होतं. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजाश्रय संपला होता आणि लोकशाही सरकारच्या खात्यात खेळाडूला परदेशी पाठवण्यासाठी अजून खण तयार झाला नव्हता. निवड तर झाली, पण प्रवासाचा खर्च ज्याचा त्यानं पाहायचा, अशी अवस्था. सरकारकडे विनवण्या झाल्या, गरजेइतकी मदत काही मिळेना. खाशाबा आणि त्यांचे घरचे लोक गावोगाव फिरले. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांनी, कराडच्या दुकानदारांनी, ओळखीपाळखीच्या माणसांनी जमेल तशी वर्गणी दिली. कोकणात देवळाच्या जीर्णोद्धाराला जशी वाडीवाडीतून पावती फाडली जाते, तसंच हे. फरक एवढाच, की इथे जीर्णोद्धार एका पैलवानाच्या स्वप्नाचा होता.

तरी आकडा जुळेना. तेव्हा पुढे आले खर्डेकर. राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य. त्यांनी आपलं राहतं घर मराठा बँकेकडे गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले.

मित्रांनो, सात हजार हा आकडा आज आपल्याला मोबाइलच्या किमतीसारखा वाटतो. १९५२ साली सोनं तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होतं. म्हणजे सत्तर तोळ्यांहून जास्त सोन्याची ही रक्कम. आजच्या भावानं गुणाकार करून बघा, कॅलक्युलेटरवर शून्यं मोजताना जीभ बाहेर येईल. आणि ही रक्कम दिली कोणाला? ना मुलगा, ना पुतण्या, ना जावई. आपल्या कॉलेजातल्या एका शेतकऱ्याच्या पोराला. परतफेडीची हमी काय, तर काहीच नाही. कुस्ती हा काही नोकरीचा कॉल लेटर नव्हे. पहिल्याच फेरीत पाय मुरगळला असता तर घरही गेलं असतं आणि पदकही. प्राचार्य म्हटलं की आपल्याला नोटीस बोर्ड आठवतो, डिटेन्शनची यादी आठवते. खर्डेकरांनी त्या शब्दाला केवढी उंची दिली ते बघा.

अशा तऱ्हेनं, कोणाच्या वर्गणीवर आणि कोणाच्या घरावर, खाशाबा फिनलंडला पोचले. हेलसिंकी ऑलिम्पिक १९ जुलै १९५२ ला सुरू झालं. खाशाबा बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात होते. त्यांच्याच सोबत कोल्हापूरकडचे केशव माणगावे त्याच्या वरच्या फेदरवेट गटात होते.

त्या काळच्या स्पर्धेची पद्धत थोडी समजून घेतली पाहिजे. आजच्यासारखं एकदा हरलं की बाहेर असं सरळ नॉकआउट नव्हतं. प्रत्येक कुस्तीनंतर दंडगुण मिळत. चितपट जिंकलात तर शून्य, गुणांवर जिंकलात तर थोडे, हरलात तर जास्त. ठरावीक मर्यादा ओलांडली की तुम्ही बाद. शेवटी उरलेले मल्ल आपसात लढत आणि पदकं ठरत. म्हणजे आपल्या एटीकेटीसारखंच काहीसं. एखादा विषय राहिला तरी वर्ष वाया जात नाही, पण बॅकलॉगचं ओझं मात्र पुढे चालत राहतं.

खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला हरवलं. मग मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला. मग जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला. एकेक देश मागे पडत गेला आणि अखेरच्या टप्प्यात तिघं उरले. जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत रशियाचा रशीद मामदबेयोव आणि गोळेश्वरचे खाशाबा जाधव.

इशीबरोबरची कुस्ती पूर्ण वेळ चालली. पंधरा मिनिटं. आज मॅटवरची कुस्ती तीन तीन मिनिटांच्या दोन डावांत संपते, त्यावरून पंधरा मिनिटं सलग झुंजणं काय असेल याची कल्पना करा. चितपट कोणीच झालं नाही. निर्णय गुणांवर लागला आणि तो इशीच्या बाजूनं गेला. हाच इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला, आणि कुस्तीतलं जपानचं ते पहिलंच ऑलिम्पिक सुवर्ण. म्हणजे खाशाबा हरले ते कोणा ऐऱ्यागैऱ्याकडून नव्हे.

आणि मग ती गोष्ट घडली. या दमवणाऱ्या कुस्तीनंतर लगेचच त्यांना मामदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये मल्लाला किमान अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. नियम पुस्तकात होता, पण तो तिथल्या तिथे पंचांसमोर ठेवायला भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबांनी बोलायचं तरी कोणाशी आणि कोणत्या भाषेत? अंगावरचा घाम वाळायच्या आत ते पुन्हा मॅटवर उतरले. थकलेले हात आणि जड झालेले पाय घेऊन लढले आणि हरले.

आपण इंजिनिअरिंगची मुलं रोज आयएस कोड, क्लॉज, स्टँडर्ड यांच्या नावानं बोटं मोडतो. पण कोडमध्ये क्लॉज असून उपयोग काय, जर साइटवर उभं राहून तो सांगणारा माणूस नसेल? त्या दिवशी हेलसिंकीत नेमकं हेच झालं. नियम होता, पण तो म्हणून दाखवणारं कोणी नव्हतं. अर्धा तास मिळाला असता तर निकाल बदलला असता का, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. मामदबेयोवही कच्चा गडी नव्हता, त्यानं रौप्य मिळवलं. पण जे खाशाबांच्या हक्काचं होतं ते त्यांना मिळालं नाही, एवढं मात्र खरं. गावानं वर्गणी काढली, गुरूनं घर गहाण टाकलं, पोरानं सातासमुद्रापलीकडे जाऊन तीन देशांचे मल्ल पाडले, आणि ज्यांनी फक्त हजर राहायचं होतं ते हजर नव्हते.

तरीही खाशाबा तिसरे आले. २३ जुलै १९५२ ला कांस्यपदक त्यांच्या हाती आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याआधी १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डनं धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदकं मिळवली होती, पण तो ब्रिटिश अंमल होता आणि प्रिचर्ड नेमका कोणाकडून धावला यावर वाद आहे. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघानं हॉलंडला ६-१ असं हरवून सुवर्ण जिंकलं. हॉकीचं सुवर्ण ही तेव्हा देशाच्या सवयीची गोष्ट होती आणि तीच मोठी होती. सुवर्णाच्या त्या झळाळीत एका कांस्याकडे किती जणांचं लक्ष गेलं असेल? केशव माणगावे चौथे आले. रणधीर शिंद्यांनंतर कोल्हापूरच्या वाट्याला आलेला हा आणखी एक चौथा क्रमांक.

देशाचं लक्ष गेलं की नाही ते जाऊ द्या, कराडचं गेलं. खाशाबा कराड स्टेशनवर उतरले तेव्हा गोळेश्वरपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली. १५१ बैलगाड्या, ढोल, लेझीम, फटाके. एरवी पंधरा मिनिटांत संपणारा रस्ता त्या दिवशी सात तासांत संपला. ज्यांनी आठ आणे, रुपया दिला होता ते सगळे त्या रस्त्यावर आले असणार, आणि प्रत्येकाला वाटलं असणार की या पदकात थोडा वाटा माझाही आहे. आणि तो होताच.

पण मला खाशाबा सर्वांत मोठे वाटतात ते यानंतर. मिरवणूक संपली, हार सुकले, आणि खाशाबांना आठवण होती ती गहाण पडलेल्या घराची. ऑलिम्पिक पदकाबरोबर पैसे मिळत नाहीत, आणि सरकारी बक्षीस मिळण्याचे ते दिवस नव्हते. मग या पैलवानानं काय केलं? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः आखाड्यात उतरले, कुस्त्या मारल्या आणि त्यातून जो पैसा आला तो खर्डेकरांच्या हाती ठेवला. घर सुटलं. जगातल्या तिसऱ्या क्रमांकाचा मल्ल आपल्या गुरूचं कर्ज फेडायला पुन्हा लाल मातीत लंगोट कसून उभा राहिला. आपल्यातल्या किती जणांच्या मनात कॉलेजचं देणं असं टोचत असतं? ना हरकत दाखल्यावर लायब्ररीची सही घेताना आपण सुटलो म्हणतो. खाशाबांना सुटायचं नव्हतं, फेडायचं होतं.

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, खात्यातल्या मुलांना शिकवलंही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची उमेद होती, पण गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनं ती वाट बंद केली. मग उरली ती नोकरी. सत्तावीस वर्षं त्यांनी ती इमानानं केली आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. ऐकायला हे बरं वाटतं, पण मधली बरीच वर्षं बढती त्यांच्याकडे फिरकली नव्हती आणि निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. क्रीडा संघटनांना तर त्यांचा जवळजवळ विसरच पडला होता. १९८२ ला दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला, एवढीच काय ती आठवण. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. वय ५८. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. ज्या दिवशी त्यांनी झेंडा फडकवायचा संकल्प केला होता, तोच दिवस.

हयातीत त्यांना ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म. शिवछत्रपती पुरस्कार मिळाला तो १९९२-९३ चा, मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर साधारण सोळा वर्षांनी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी तिथल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. १५ जानेवारी २०२३ ला गुगलनं आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, आणि त्या दिवशी आपल्यातल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा शोधून वाचलं. नाव राहिलं, पण ज्याचं होतं त्याच्या कानावर यातलं काहीच पडलं नाही.

त्यांच्या पदकाचं मोल किती, हे नंतरच्या कोरड्या वर्षांवरून कळतं. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं ते १९९६ ला अटलांटामध्ये, लिअँडर पेसच्या टेनिसमधल्या कांस्याच्या रूपानं. म्हणजे ४४ वर्षांनी. कुस्तीतलं पुढचं पदक २००८ ला बीजिंगमध्ये सुशीलकुमारनं आणलं, ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूचं पुढचं वैयक्तिक पदक थेट २०२४ ला, पॅरिसमध्ये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, पुन्हा कांस्य, आणि पुन्हा कोल्हापूरच. मध्ये ७२ वर्षं गेली. स्वप्निलला राज्य सरकारनं एक कोटी रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, आणि ते योग्यच झालं. घर गहाण टाकण्यापासून कोटीपर्यंत आपण आलो, हा रस्ता कराड ते गोळेश्वरपेक्षा खूपच सावकाश कापला, पण कापला.

मग आपल्या टीव्ही रूममधल्या प्रश्नाचं उत्तर काय? मला वाटतं, ते अटेंडन्सच्या रजिस्टरमध्ये आणि जिमखान्याच्या कुलपात आहे. प्रत्येक बॅचमध्ये एखादा असतो, जो झोनलला खेळायला गेला म्हणून त्याची टर्मवर्कची सही अडते. एखादी असते, जी पहाटे पाचला एकटी ग्राउंडवर धावते आणि नऊला प्रॅक्टिकलला अर्धवट झोपेत येते. आपण त्यांच्यासाठी घर गहाण टाकू शकत नाही, ते आपल्याकडे नाहीच. पण त्यांचं जर्नल पूर्ण करून देता येतं. त्यांच्या मॅचला जाऊन बाउंडरीवर ओरडता येतं. स्पर्धेच्या नियमांचं पुस्तक नीट वाचून मॅनेजर म्हणून सोबत जाता येतं, आणि त्यांच्या हक्काचा अर्धा तास कोणी कापायला निघालं, तर पंचासमोर उभं राहून तो मागता येतो.

हेलसिंकीत एवढं एकच माणूस कमी पडलं होतं.